हुरड्याच्या दुपारी घाबरलेल्या पेशी

थंडी पडली की आमच्या संभाजीनगरात सगळ्यांना एकदम शेती आठवते. वर्षभर ज्यांना ज्वारीचं ताट आणि बाजरीचं ताट वेगळं ओळखता येत नाही, तेसुद्धा 'यंदा सुरती हुरडा कुठं मिळंल हो?' असे फोन करायला लागतात. दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर हुरड्याचे फलक लागतात. त्यांवर झोपाळा, बैलगाडीची फेरी, शेंगदाण्याची चटणी आणि खाली मोठ्या अक्षरांत 'घरगुती वातावरण'. कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर रविवार ठरतो. "तू येतेस ना गं?" असं कुणीतरी विचारतं आणि मी पोट बिघडल्याचं सांगते. माझं पोट दर वर्षी बरोबर याच दिवसांत बिघडतं, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलंय. शेजारच्या काकूंनी परवा विचारलंच, "हुरड्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

हुरड्यानं काहीच केलेलं नाही. हुरडा मला इतका आवडायचा की त्या दिवसांत मी जेवण सोडायचे. अजूनही सकाळी फिरायला गेले आणि कुठून शेणाच्या गोवऱ्यांचा धूर आला की तोंडाला पाणी सुटतं, आणि लगेच रागही येतो. पाणी आणि राग एकाच वेळी कसे येतात हे मला माहीत नाही, पण येतात.

मी शहरातल्या छावणी भागात वाढलेली. वडील बसवर कंडक्टर होते. आमच्याकडं हुरडा म्हणजे शहागंजातून कागदात बांधून आणलेला, गार झालेला, दाताखाली चिवट लागणारा. खरा हुरडा पहिल्यांदा खाल्ला तो स्मिताच्या शेतात. खुलताबादच्या अलीकडं, रस्त्यापासून बरंच आत तिचं शेत. बांधावर उभं राहिलं की लांब टेकडीवर दर्ग्यांचे पांढरे घुमट दिसायचे. स्मिता आणि मी एकाच प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून, तिचा डबा माझ्या डब्यात मिसळलेला. पहिल्या हिवाळ्यात ती मला स्कूटीवर मागं बसवून घरी घेऊन गेली. माझं आडनाव ऐकल्यावर क्षणभर थबकणारी घरं मी पुष्कळ पाहिलीत, आणि तो क्षण मला बरोबर कळतो. तिची आई थबकली नाही. "हात धू अन् चुलीपाशी ये, गार लागंल," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यावर मी त्या घराला माझं घर मानून टाकलं.

तिचे वडील, अण्णा, आगटीपाशी बसायचे. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, त्यात कोवळी कणसं खुपसलेली. कणीस बाहेर काढायचं, तळहातावर धरायचं आणि चोळायचं. दिसायला सोपं आहे. मी पहिलं कणीस चोळलं तेव्हा निम्म्या दाण्यांचा चिखल झाला आणि बोटं भाजली ती वेगळीच. अण्णा पोट धरून हसले. "पोरी, दाण्याला कळू द्यायचं नाय आपन चोळतोय म्हून," म्हणाले. मग त्यांनी हातावर फुंकर मारली, कूस उडाली, आणि हिरवे, फुगलेले, अख्खे दाणे माझ्या ओंजळीत टाकले. वर लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. हुरडा थांबत नाही. तो निघाला की लगेच खायचा, गप्पा नंतर. त्या घरात सगळ्यांना हा नियम पाठ होता.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा राग उगाच वाटेल. गुटख्याची पुडी खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू मिटत जातं. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आधी पांढुरकी होते, मग ताठ. माणसाला आधी तिखट सोसत नाही, मग भाकरीचा घास जात नाही, मग जांभईसुद्धा अर्धीच येते. यातल्या काहींना पुढं कॅन्सर होतो आणि बाकीच्यांना होत नाही. कुणाला होणार, हे आधी कळलं तर त्याला वेळेत वाचवता येईल. आम्ही एवढंच शोधत होतो. 'एवढंच' म्हणते खरी, पण या जिल्ह्यात पानटपरी नसलेला फाटा दाखवा.

पूर्वी गालाचा तुकडा तपासायचा म्हणजे तो अख्खा वाटून टाकायचा आणि त्या लगद्यात काय काय आहे ते बघायचं. ज्वारीचं पीठ बघून कणीस कसं होतं ते सांगण्यातला प्रकार. पिठात सगळं सरासरी होतं. काणी लागलेला एखादा काळा दाणा त्यात दळला गेला तर तो कुणाला दिसणार? आता एकेक पेशी सुटी करून, प्रत्येकीला वेगळी खूण चिकटवून, त्या क्षणी तिच्यात कोणती जनुकं चालू आहेत ते वाचता येतं. हजारो पेशी, आणि प्रत्येकीचं स्वतंत्र म्हणणं. आमच्याकडं ते यंत्र नवंच आलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आमच्या मार्गदर्शक सरांनी पेढे वाटले.

पण पेशी सुट्या करणं हेच मोठं काम. त्या एकमेकींना घट्ट धरून असतात. तुकडा बारीक चिरायचा, त्यांच्यातला चिकटा सोडवणाऱ्या कोमट द्रावणात ठेवायचा, साधारण अर्धा तास. जास्त ठेवला तर पेशी मरतात. मरत नाहीत त्या घाबरतात. हा माझा शब्द, पुस्तकातला नव्हे. पण पेशीला उकडलं, चिरडलं, ताटकळत ठेवलं की ती ठरावीक जनुकं धडाधड चालू करते, घरात साप निघाल्यावर सगळे दिवे लावावेत तशी. मग आपण वाचतो तो तिचा आजार नसतो, तिची भीती असते. हे काम मी स्मिताला स्वतः शिकवलं होतं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं. अण्णांची लेक होती ना.

आणि प्रयोगाची आखणी. आखणीत माझा जीव होता. सर म्हणायचे, "मॅडम, तुम्ही लग्नाच्या याद्या करायला पाहिजेत." माझी अट एकच होती. रोग्याचा तुकडा आणि निरोगी माणसाचा तुकडा एकाच दिवशी, एकाच द्रावणात, एकाच हातानं सोडवायचे. निरोगी तुकडे अक्कलदाढ काढायला येणाऱ्यांकडून त्यांना विचारून घ्यायचो. कारण सोपं होतं. एका शेताची कणसं एका आगटीत भाजली आणि दुसऱ्या शेताची दुसऱ्या, तर चव वेगळी लागली ती मातीची की आगीची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. स्मितानं माझ्यासमोर मान डोलावली होती. "तुझं हे आगटीचं मी आता सगळ्यांना सांगते," असं म्हणाली होती.

पिशोरला तपासणीचं शिबिर झालं आणि तिथून एक दिवस सकाळी जीप भरून माणसं शहरातल्या दंत रुग्णालयात आली. त्यांत कडुबाभाऊ होते. पिशोर ते कन्नड काळीपिवळी चालवायचे. झोप येऊ नये म्हणून पुडी सुरू केली होती. बोलताना त्यांचे शब्द दातांच्या फटीतून सरकत बाहेर यायचे, म्हणून ते कमी बोलायचे. तुकडा घ्यायच्या आधी प्रत्येकाशेजारी बसून समजावून सांगणं हे माझं काम. हा तुकडा उपचारासाठी नाही, अभ्यासासाठी आहे, नको म्हणालात तरी चालेल, असं मी सांगितलं. कडुबाभाऊंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "घ्या. आपल्यासारख्यायच्या कामी येईल." मग विचारलं, "ताई, मला फुडं कॅन्सर व्हनार का नाय, ते कळंल का त्यातून?" मी म्हणाले, लगेच नाही. पण जे कळेल ते आधी तुम्हाला सांगेन. पेपरात नंतर येईल, तुम्हाला आधी. मी हा शब्द दिला. असे शब्द द्यायचे नसतात, असं नंतर मला एकानं शहाणपणानं सांगितलं. पण तोंड मिटत चाललेल्या माणसानं विचारलेला प्रश्न दुसऱ्या कशानं झाकायचा?

तुकड्यांच्या बाटल्या बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवून मी रिक्षात मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाला भाई विचारत होता, "ताई, आइस्क्रीम है क्या?" प्रयोगशाळेत जाऊन डबा स्मिताच्या हातात दिला. "जपून गं," म्हणाले. ती म्हणाली, "अक्कलदाढवाले दोघं येतायत, त्यांच्यासोबतच लावते." मी पुन्हा रुग्णालयात गेले, कारण जीप परत निघेपर्यंत माणसांना चहा-पाणी बघायचं होतं.

दुपारी तिचा फोन आला. "झालं सगळं. अक्कलदाढवालेही लवकर आले. खाली ये, अण्णांनी आगटी पेटवलीय."

ती दुपार मी कशी विसरू? स्कूटीवरून जाताना हवा बोचत होती आणि ऊन पाठीवर पडत होतं. वाटेत रानात कापसाचा शेवटचा वेचा चालला होता. स्मिता गाणं म्हणत होती, बेसूर. शेतात काकूंनी, म्हणजे स्मिताच्या आईनं, मला पुढ्यात घेऊन वेणी घातली, माझी, या वयात. त्या दिवशी माझा हात प्रथमच जमला. दाणे अख्खे निघाले, एकही फुटला नाही. अण्णांनी ओरडून सगळ्यांना दाखवलं, "बघा, छावनीवाली पास झाली!" मी इतकी हसले की चटणी नाकात गेली. मला वाटत होतं, पिशोरची माणसं आपापल्या घरी पोचली असतील, त्यांचे तुकडे जोडीनं नीट लागले आहेत, आणि आपण इथं आहोत. समाधान कसं असतं, असं कुणी विचारलं असतं तर मी त्या आगटीकडं बोट दाखवलं असतं.

संध्याकाळी तिनं मला घरी सोडलं आणि म्हणाली, जरा लॅबमध्ये डोकावून जाते. मी म्हणाले, कशाला आता? ती म्हणाली, असंच.

मग महिने गेले. यंत्रातून आलेले आकडे संगणकात मांडले की पडद्यावर ठिपक्यांचा नकाशा तयार होतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. सारख्या पेशी जवळजवळ येतात आणि त्यांची बेटं बनतात. हे काम स्मिताचं. एक दिवस ती ओरडत माझ्या टेबलाशी आली. नकाशाच्या कोपऱ्यात एक नवं बेट होतं. निरोगी माणसांत औषधालाही नाही, रोग्यांमध्ये ठळक. सरांना बोलावलं. सर खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. रोगाला पुढं नेणाऱ्या पेशी सापडल्या, असं त्या दिवशी चहाच्या वेळेला ठरून गेलं. मीही आनंदले. खोटं कशाला बोलू, कडुबाभाऊंना काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली.

दुसऱ्या दिवशी त्या बेटावरच्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत ते मी बघायला घेतलं. पहिली नावं वाचली. ती सगळी ओळखीची मंडळी होती. उकडलेल्या, ताटकळलेल्या पेशी जी चालू करतात तीच. घाबरलेली. मी पुन्हा पाहिलं. पिशोरहून त्या जीपमधून आलेल्या सगळ्यांमध्ये ते बेट होतं, कडुबाभाऊंच्या पेशींत सगळ्यात दाट. आणि त्यांच्या जोडीला लावलेल्या निरोगी तुकड्यांत त्याचा मागमूस नाही. एकाच द्रावणात, एकाच दिवशी असते तर तेही थोडे घाबरायला नकोत?

कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी स्मिताला विचारलं. भांडायचं म्हणून नाही, खरंच समजत नव्हतं म्हणून. ती कपात खारी बुडवत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"अगं, त्या दिवशी आपण हुरड्याला नव्हतो का गेलो?"

"मग?"

"अक्कलदाढवाले आलेच नाहीत. त्यांचे पुढच्या आठवड्यात लावले. पिशोरचे मी द्रावणात घातले होते, म्हटलं अर्धा तास थांबू. तेवढ्यात अण्णांचा फोन. तुकडे तिथंच राहिले. संध्याकाळी येऊन काढले. निम्म्याहून जास्त मेल्या होत्या, उरलेल्या घेतल्या."

खारी चहात पडली, ती चमच्यानं काढायला लागली.

"तू मला सांगितलंस झालं म्हणून."

"सांगितलं नसतं तर तू आली असतीस का? आई किती दिवसांची वाट बघत होती तुझी." आता तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. त्यामुळंच जास्त लागलं.

"बरं, तेव्हा नाही. नंतर तरी सांगायचंस."

"नंतर सरांना बेट आवडलं ना." मग म्हणाली, "आणि एवढं काय? दिवसादिवसाचा फरक संगणकात काढून टाकता येतो."

"रोगी सगळे एका दिवशी आणि निरोगी सगळे दुसऱ्या दिवशी. यात दिवस कोणता आणि रोग कोणता, हे तुझा संगणक कशावरून ओळखणार?"

"सगळे असंच करतात गं. तूच तेवढी सोवळी." हे ती चिडून म्हणाली. मला सोवळी म्हणणारी ती जगातली पहिली बाई. एरवी मी या विनोदावर हसले असते.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. तलवार दिसते, माणूस मागं सरतो. केस कुणाला दिसतो? ज्या बाईनं मला चुलीपाशी बसवलं तिच्या मायेचा केस करून माझा गळा कापला होता. पुष्कळांनी मला समजावलं की स्मिताचा हेतू वाईट नव्हता. मला मान्य आहे. तिला मला हुरडा खाऊ घालायचा होता. पण माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार जर एका थापेवर उभी असेल, तर ती मी आता कुठं ठेवू? मी दाणे अख्खे निघाले म्हणून हसत होते तेव्हा कडुबाभाऊंच्या गालाचा तुकडा कोमट पाण्यात फुगत होता. मला फसवलं. याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधतही नाही.

सरांकडं गेले. सर मऊ बोलणारे गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, हजारो पेशी आहेत हो. इतक्या हजार पेशी खोटं बोलतील का?"

"पेशी खरंच बोलतायत सर. आपण त्यांना उकडलं, तेच त्या सांगतायत. आणि पेशी हजारो असल्या तरी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकाच घराचं दार हजारदा वाजवलं म्हणून गावाचं मत कळत नाही."

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पुढच्या अभ्यासात आपण आखणी तुमच्या म्हणण्याप्रमाणंच करू. आखणीच्या वेळी एक गणितज्ञही घेऊ." बैल गेला नि झोपा केला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण आमच्या घरात मोठ्यांना असं बोलत नाहीत, म्हणून मी फक्त 'नको' म्हणाले. त्यांना ते कळलं नाही. स्मितानं परिषदेत ते बेट दाखवलं, टाळ्या पडल्या, लेख छापून आला. माझं नाव मी काढायला लावलं आणि ते निघालं. निष्कर्ष तसाच राहिला. हे सगळं लेख छापणाऱ्यांना मी पत्रानं कळवलं. त्यांनी संबंधितांकडून खुलासा मागवला, खुलासा आला, आणि तो त्यांना पटला. स्मिता परदेशी गेली. जाताना घरी आली होती. माझी आई म्हणाली, अगं तुझी मैत्रीण आलीय. मी बाथरूमचं दार लावून नळ सोडून बसले.

आता मी दुसरीकडं शिकवते. पोरापोरींना आखणी शिकवते. पहिला तास संपूर्ण एका गोष्टीवर घालवते, की अभ्यास संगणकावर जिंकत किंवा हरत नाही, तो त्या सकाळी हरतो जेव्हा कोणते तुकडे कुणाच्या सोबत लावायचे हे ठरतं. आगटीचं उदाहरण मी देत नाही. ते माझ्या तोंडून निघत नाही. अण्णांचा मात्र दर संक्रांतीला फोन येतो. त्यांना काही माहीत नाही. "पोरी, येत नाय तू आता? सुरती लई गोड हाय यंदा," म्हणतात. मी कामाचं निमित्त सांगते. त्यांनी तरी काय करावं? त्यांनी आगटी पेटवली आणि लेकीला फोन केला, यात त्यांचा काय गुन्हा? काकूंनी घातलेली वेणी मला अजून मानेवर जाणवते आणि मी केस कापून टाकलेत.

रुग्णालयात मी आजही आठवड्यातून एकदा जाते. पगाराचं काम नाही ते. तिथल्या डॉक्टरबाई ओळखीच्या आहेत, माणसांशी बोलायला कुणीतरी लागतं. कडुबाभाऊंची चौकशी मी लेख छापून येण्याआधीपासून करत होते. पिशोरच्या शिबिरात विचारलं तर कळलं, काळीपिवळी सोडून ते ट्रकवर गेलेत, कधी गुजरातेत असतात, कधी तेलंगणात. फोन लागायचा नाही. दिलेला शब्द असा हवेत लटकत राहिला.

गेल्या आठवड्यात ते आले. स्वेटर, कानाला मफलर, हातात उसाच्या कांड्यांची पिशवी. आता ऊस त्यांना खाता येत नाही, माझ्यासाठी आणला होता. डॉक्टरबाईंनी तपासलं. जखम नव्हती, गाठ नव्हती. पण तोंड पुष्कळच मिटलं होतं. त्यांच्या शब्दांना बाहेर यायला आता वाट उरली नव्हती आणि मला एकेक वाक्य दोनदा विचारावं लागत होतं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर व्हरांड्यात ऊन आलं होतं.

कडुबाभाऊ म्हणाले, "ताई, कन्नडला हाटेलात एकानं पेपर वाचून दाखवला व्हता. तुमच्या लोकायला त्या पेशी सापडल्या म्हनं. कॅन्सर करनाऱ्या."

"हो, आलं होतं तसं."

"मह्यात हाय का त्या?"

मी त्यांना सांगितलं. त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. ते जे सापडलं म्हणतात, तो रोग नव्हे. तुमचा तुकडा आमच्याकडं नीट सांभाळला गेला नाही. पाण्यात जास्त वेळ राहिला. त्यामुळं त्यात दिसलं ते तुमच्या तोंडातलं नाही, आमच्या भांड्यातलं आहे. त्यातून तुमचं काहीच कळत नाही. पुढं काय होणार ते मला माहीत नाही, आणि ज्यानं कदाचित थोडं कळलं असतं ते वाया गेलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. शिव्या देईल. द्याव्यात, असंच मला वाटत होतं, कुणीतरी एकदा मोठ्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या. स्मिताला मी दिल्या नाहीत, सरांना दिल्या नाहीत. इतके हिवाळे मी त्या गिळून बसले होते.

ते चिडले नाहीत. त्यांनी श्वास सोडला, सुटल्यासारखा. "म्हंजी त्या नायत मह्यात."

"तसं नाही भाऊ. आहेत की नाहीत, हेच कळलं नाही."

"व्हय व्हय." त्यांनी मान हलवली. बायकोला हे त्यांनी सांगितलंच नव्हतं, असं म्हणाले. हाटेलातल्या त्या दिवसापासून ट्रक चालवताना एकटेच घोकत होते, आपल्यात हाय, आपल्यात हाय. आमच्या दुपारच्या त्या थापेचा सगळ्यात लांबचा मुक्काम हा होता, गुजरातच्या रस्त्यावर एक माणूस एकटा घाबरलेला.

मग ते माझ्याकडं वळले. "तर मंग आनखी एक घ्या ना तुकडा. त्यात काय. या टायमाला तुमी सोता करा."

डॉक्टरबाईंनी मघाशीच सांगितलं होतं की आता त्यांच्या तोंडात नीट हत्यारच जाणार नाही, नुसत्या अभ्यासासाठी तर कुणी प्रयत्नही करणार नाही. मी ते त्यांना सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं.

कडुबाभाऊंनी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"मंग मह्या पोराचा घ्या," ते म्हणाले. "त्यालाबी पुडी लागलीय. पन त्याचं तोंड उघडतंय अजून."